'इन द ट्री' का 'अप इन द ट्री'? इंग्रजीतले हे जोडीचे शब्द कसे बसवायचे

जंगलवाट (मोहर्लीजवळून)

रामराम मंडळी. मी ताडोब्यात गाईड आहो. पावसाळ्यात कोअर, म्हनजे जंगलाचा आतला भाग, बंद राहते, तं या दिवसांत इंग्रजी घासून घ्यावं म्हनलं. शब्द आहेत माह्यापाशी. पगमार्क, अलार्म कॉल, सब-अ‍ॅडल्ट, सगळं येते. पाहुन्याले समजते बी. पन फॉरेनचे लोक आपसात बोलतात तवा एका गोष्टीनं डोकं फिरते.

मी म्हनतो "लेपर्ड इज इन द ट्री." ते म्हनतात "इट्स अप इन द ट्री." मी म्हनतो "टायगर इज निअर द वॉटर." ते म्हनतात "ओव्हर बाय द वॉटर." मंग "डाउन इन द नाला", "आउट ऑन द रोड", "बॅक अ‍ॅट द गेट" असं चालूच राहते. हे अप, डाउन, ओव्हर, आउट, बॅक कायले लावतात? काढून टाकले तं वाक्य मोडत नाही. ठेवतो म्हनलं तं कुठं ठेवाचे ते समजत नाही.

दुसरं असं, की उन्हाळ्यात तेलिया तलावाच्या रस्त्यावर एक गोरी बाई हळूच म्हनली, "राइट बिहाइंड दॅट बांबू." जिप्सीतले पुन्याचे चौघंही उजवीकडं वळले. बांबू डावीकडं होता. वाघीन बांबूच्या ऐन मागं बसून होती, कान तेवढे हालून राहिले होते. या चौघायनं फिरून पाहेपर्यंत ती उठून गेली. म्हनजे हे 'राइट' उजवं नव्हतं, एवढं आमाले समजलं. पन कवा उजवं अन कवा नाही?

पुस्तकात प्रीपोझिशनचा धडा अलग, अ‍ॅडव्हर्बचा अलग. दोघं एकाच वाक्यात खेटून बसले तं काय होते, ते कोनी सांगतच नाही. माहीत असन तं सांगा.

तर्रीपोहे (नागपूर)

भाऊ, काही नाही, फॅशन आहे ते. आपण नाही का "काय बे, चाल ना बे" करत प्रत्येक वाक्यात 'बे' घुसवत. गोऱ्याचा 'बे' म्हणजे 'अप' आन 'ओव्हर'. वाघ दाखव, टिप घे, मोकळा हो.

मास्तर_झेडपीचे (दारव्हा)

तर्रीपोहे, फॅशन म्हणून सोडून देण्यासारखं नाही ते. भाऊंनी नेमकी नस धरली आहे. पाठ्यपुस्तकात ही जोडी कुठंच एकत्र भेटत नाही, आणि बोलण्यात तिच्याशिवाय पान हलत नाही.

इंग्रजी जरा बाजूला ठेवा. घरी कोणी विचारलं, विळा कुठाय? तुम्ही सांगता, "वर माळ्यावर." आता 'माळ्यावर' म्हटलं त्यातच 'वर' आलेला आहे. तरी सुरुवातीला आणखी एक 'वर' लावलाच की नाही? आणि आजवर कोणी म्हणालं का, की हा दुसरा 'वर' कशाला? तसंच "खाली नाल्यात", "बाहेर अंगणात", "आत देवघरात", "मागं गोठ्यात", "तिकडं विहिरीपाशी". आपल्या भागात तर याच्याशिवाय कोणी पत्ता सांगत नाही. पहिला शब्द ऐकणाऱ्याची मान वळवतो, पुढचा शब्द नजर जाग्यावर नेऊन बसवतो.

इंग्रजीत तेच होतं, आणि नशिबानं क्रमही तोच. आधी मान वळवणारा, मग जागा सांगणारा. वर माळ्यावर, "अप इन द लॉफ्ट". खाली नाल्यात, "डाउन इन द नाला". बाहेर रस्त्यावर, "आउट ऑन द रोड". तिकडं पाण्यापाशी, "ओव्हर बाय द वॉटर". म्हणजे जंगलवाट भाऊ, जे तुम्हाला अवघड जात आहे ते तुम्ही मराठीत लहानपणापासून करत आला आहात. इंग्रजी बोलताना मात्र शाळेतलं वाक्य आठवता आणि पहिला शब्द गाळून टाकता.

आता महत्त्वाचं. तो पहिला शब्द जागेबद्दल कमी आणि बोलणारा कुठं उभा आहे याबद्दल जास्त सांगतो. गाव एकच घ्या. "इन द व्हिलेज" हा भाग कायम ठेवा. टेकडीवरून बोलत असाल तर "डाउन इन द व्हिलेज". नदीच्या पात्रातून बोलत असाल तर "अप इन द व्हिलेज". मधे वावरं असतील आणि पलीकडे गाव दिसत असेल तर "ओव्हर इन द व्हिलेज". नागपुरात बसून, खेडं म्हणजे लांबचं, या भावनेनं बोलत असाल तर "आउट इन द व्हिलेज". आणि गाव तुमचंच असेल, तिथूनच निघून आला असाल, तर "बॅक इन द व्हिलेज". गाव तसूभर हललं नाही, बोलणारा हलला.

म्हणून तो शब्द काढला तर वाक्य मोडत नाही हे खरं, पण मग वाक्य कुठूनही बोलल्यासारखं होतं, बातमीसारखं. जिप्सीत बसलेल्या माणसाचं वाटत नाही.

धानबांधी (ब्रह्मपुरीकडचा)

मास्तर, बाकीचं पटलं, 'ओव्हर' नाही पटला. शाळेत तर 'ओव्हर' म्हणजे 'च्या वरून' असं शिकवलं. पूल नदीवरून जाते तो 'ओव्हर'. मग "ओव्हर बाय द वॉटर" म्हणजे वाघ पाण्याच्या वरून उडून राहिला का?

अमरावतीची_ताई

धानबांधी दादा, पुलाचाच अर्थ थोडा ताणा. पूल 'ओव्हर' नेतो म्हणजे या काठावरून त्या काठाला पोचवतो. मधलं अंतर ओलांडणं हे त्या शब्दाच्या पोटात आहे. 'ओव्हर' एकटा पुढं आला की उंची गळते आणि ते ओलांडणं शिल्लक राहतं. बोलणारा इथं, वस्तू थोड्या अंतरावर पलीकडे. "ओव्हर अ‍ॅट माय अंकल्स", तिकडं काकाकडं. "ओव्हर इन द कॉर्नर", तिकडं कोपऱ्यात. काकाच्या घराला माडी असो नसो.

बॅकबद्दल मास्तरांनी सांगितलं त्यात एक भर. "बॅक अ‍ॅट द गेट" तेव्हाच, जेव्हा आपण गेटवरूनच आलो आहोत किंवा तिथंच परत जायचं आहे. न पाहिलेल्या गेटला 'बॅक' लागत नाही. आणि हाच 'बॅक' वेळेलाही लागतो. "ताडोबा बिकेम अ नॅशनल पार्क बॅक इन १९५५." इथं बोलणारा आजमध्ये उभा राहून मागं पाहतो. गाईडला कामाचं वाक्य आहे, घेऊन टाका. पण "बॅक इन २०४०" म्हणता येत नाही, पुढच्या काळाकडं वळून पाहता येत नाही म्हणून.

रुळावरचा (बल्लारशा)

अप-डाउनवर माझा हक्क आहे, म्हणून मधे बोलतो. आमच्याकडं अप गाडी अन डाउन गाडी म्हणतात त्यात चढउताराचा काही संबंध नाही. ही इंग्रजांची सवय. त्यांच्याकडं लंडनकडं जाणारा तो अप, लंडनहून निघणारा तो डाउन, मग रस्ता डोंगर चढत का जाईना. बोलण्यातही त्यांचे जुने लोक "अप टू लंडन" म्हणतात. नकाशाचाही एक हिशेब असतो, "अप नॉर्थ", "डाउन साउथ". म्हणजे चंद्रपुरात बसून "अप इन नागपूर" म्हटलं तर चालते, उत्तरेला आहे म्हणून, अन मोठं शहर आहे म्हणूनही.

कोकणातले लोक "वर घाटावर" म्हणतात ते मात्र खरोखरच वर असते.

जंगलवाट

बापा! गाव एकच अन पाच तऱ्हा, हे वहीत उतरवलं. अन 'अप' चा चढाशी संबंध असनच असं नाही, हेही. आता 'राइट' सांगा. त्याच्यानंच वाघीन गेली.

अमरावतीची_ताई

राइटची जात वेगळी आहे. मास्तरांनी सांगितले ते अप-डाउन-ओव्हर-आउट-बॅक मान वळवणारे. राइट, जस्ट, वेल, स्ट्रेट, हाफवे, डीप हे मोजणारे. ते नजर कुठं न्यायची ते सांगत नाहीत, पुढच्या प्रीपोझिशनला माप लावतात. मागं, पण किती मागं? नंतर, पण किती नंतर? आपले ऐन, थेट, पार, अगदी, बरंच, जरासं हेच करतात. "ऐन दारात", "थेट शाळेत", "पार नागपूरपर्यंत".

"राइट बिहाइंड द बांबू" म्हणजे मधे अंतरच नाही, बांबूला चिकटून मागं. "जस्ट बिहाइंड द बांबू" म्हणजे जरासंच मागं, अंतर आहे पण थोडं. वेळेत हा फरक उठून दिसतो. "राइट आफ्टर लंच", जेवण झालं की लगेच. "जस्ट आफ्टर फोर", चार वाजून थोडं वर. "वेल आफ्टर फोर" म्हणजे चार कधीचे वाजून गेले. 'वेल'चा इथं चांगल्याशी काही संबंध नाही, तो 'चांगलाच उशीर झाला' मधला 'चांगलाच' आहे.

आणि हे सगळे सगळ्यांशी जमत नाहीत. 'वेल'ला ताणता येईल असं काहीतरी लागतं. बिफोर, आफ्टर, बियाँड, इनसाइड, इंटू, अबव्ह, बिलो. "वेल इनसाइड द फॉरेस्ट" छान. "वेल अ‍ॅट द गेट" नाही, कारण गेटवर असणं म्हणजे असणं, त्यात जास्त-कमी काय? तिथं 'राइट' येतो, "राइट अ‍ॅट द गेट", ऐन गेटवर. 'स्ट्रेट'ला चाल किंवा रोख लागतो. "स्ट्रेट टू द वॉटर", "स्ट्रेट थ्रू द ग्रास", आणि वाघ बसल्या जागेवरून आपल्याकडं रोखून पाहत असेल तर "स्ट्रेट अ‍ॅट अस". 'हाफवे'ला अंतर चालून जाणारा शब्द लागतो. "हाफवे अप द ट्री", "हाफवे अक्रॉस द रोड". "हाफवे अ‍ॅट द ट्री" कोणी म्हणणार नाही. 'डीप'ला आत शिरणारा लागतो. "डीप इन द फॉरेस्ट".

आता उजवं कधी. 'राइट' थेट प्रीपोझिशनला खेटून, मधे श्वास न घेता आला की तो 'ऐन'. उजवं सांगायचं तर त्याला स्वतःची प्रीपोझिशन लागते. "ऑन द राइट", "टू द राइट ऑफ द रोड", "ऑन युअर राइट". जिप्सीतल्या चौघांनी अर्धा शब्द ऐकून मान फिरवली. गाईडला माझा सल्ला, अशा वेळी 'राइट बिहाइंड' वापरूच नका. आधी बाजू, मग माप. "ऑन द लेफ्ट, जस्ट बिहाइंड द बांबू." ऐकणारा इंग्रज असो की पुण्याचा, मान बरोबर वळते.

पऱ्हाटी (वणीकडचा शेतकरी)

ताई, हे सगळं आम्ही कॉमेंट्रीत ऐकूनच मोठं झालो ना! वावरात डवरणी चालू अन धुऱ्यावर रेडिओ. "वेल आउटसाइड ऑफ स्टंप", म्हणजे बॉल स्टंपाच्या चांगलाच बाहेर, सोडून दे. "जस्ट आउटसाइड ऑफ" म्हणजे बॅट लागन का नाही अशी पंचाईत. एका शब्दानं बॅट्समन मरते का वाचते ते ठरते. "जस्ट शॉर्ट ऑफ द फील्डर", कॅच होता होता राहिला. "स्ट्रेट डाउन द ग्राउंड", "हाय ओव्हर लाँग ऑन", "राइट इन द ब्लॉकहोल". आमचा खापरखेड्याचा उमेश यादव जामठ्याच्या स्टेडियमवर बॉल टाकायचा तवा तर हे शब्द मी पाठच करायचो.

अन एक ध्यानात आलं. हे लोक "बॉल वेंट ओव्हर द फील्डर" म्हणून थांबतच नाहीत. जस्ट ओव्हर का वे ओव्हर, हे सांगितल्याशिवाय चित्रच उभं राहत नाही ना. टीव्ही नव्हता तवा सगळा खेळ या शब्दांवर चालायचा.

मास्तर_झेडपीचे

पऱ्हाटी भाऊ, तुमचं उदाहरण उद्यापासून माझ्या वर्गात. मुलं "वेल आउटसाइड" म्हटल्यावर झोपेतून उठतील.

वर्गातली एक चूक इथं सांगतो, कारण ती मोठ्यांचीही असते. मराठीत आपण म्हणतो "पुलाच्या दोन किलोमीटर पुढं". माप कुठं बसलं? 'पुलाच्या' आणि 'पुढं' यांच्या मधे. "दाराच्या अगदी मागं", तिथंही तेच. मुलं हा क्रम उचलून इंग्रजीत नेतात आणि "ब्रिज ऑफ टू किलोमीटर अहेड" असं काहीतरी विचित्र तयार होतं. मग त्यांना वाटतं की इंग्रजीत सगळंच उलटं.

उलटं नाही. नीट पाहा. दोन्ही भाषांत माप त्या नातं सांगणाऱ्या शब्दाला चिकटूनच, त्याच्या लगेच आधी येतं. मराठीत 'दोन किलोमीटर' हे 'पुढं'च्या आधी. इंग्रजीत 'टू किलोमीटर्स' हे 'पास्ट'च्या आधी, "टू किलोमीटर्स पास्ट द ब्रिज". 'अगदी' हे 'मागं'च्या आधी, 'राइट' हे 'बिहाइंड'च्या आधी. फरक फक्त नामाच्या जागेचा. आपलं नाम सर्वांत पुढं, त्यांचं सर्वांत मागं. माप आणि नातं ही जोडी फुटत नाही, तिला तसंच उचलायचं आणि नाम मागं नेऊन ठेवायचं. मुलांना फळ्यावर तीन चिठ्ठ्या लावून, नामाची चिठ्ठी तेवढी इकडून तिकडं नेऊन दाखवली की पुढं प्रश्न येत नाही.

भरतीवाला

सर, माझा प्रश्न परीक्षेचा आहे. तलाठी भरतीची तयारी करून राहिलो. "ही लुक्ड अप" मध्ये 'अप' काय? उत्तरतालिकेत अ‍ॅडव्हर्ब. "ही क्लाइंब्ड अप द हिल" मध्ये प्रीपोझिशन. मग "अप इन द ट्री" मधला 'अप' अ‍ॅडव्हर्ब, 'इन' प्रीपोझिशन, बरोबर ना? पण यूट्यूबवर एक जण म्हणते की दोन्ही प्रीपोझिशनच. कोणाचं मानायचं?

मास्तर_झेडपीचे

परीक्षेत अ‍ॅडव्हर्बच लिहा, एक गुण घ्या आणि पुढं चला.

पण तो यूट्यूबवाला वेडा नाही. आपल्या मराठी व्याकरणात हीच गोष्ट आहे. "खाली बस" यात 'खाली' क्रियाविशेषण. "झाडाखाली बस" यात तोच 'खाली' शब्दयोगी अव्यय. शब्द एक, काम एक, खालचीच जागा दाखवायची. नामाला चिकटला की नाव बदलतं. डेन्मार्कचे व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी १९२४ सालीच हा मुद्दा मांडला होता. क्रियापदाला कर्म असो नसो, आपण त्याला क्रियापदच म्हणतो. 'मी खातो' आणि 'मी भाकर खातो' यातला 'खातो' वेगळ्या जातीचा होत नाही. मग 'अप'च्या पुढं नाम असो नसो, त्याची जात का बदलावी? २००२ साली हडलस्टन आणि पुलम यांचं केंब्रिजचं जाडजूड व्याकरण आलं, त्यांनी हीच भूमिका घेऊन अप, डाउन, आउट, बॅक यांना सरळ प्रीपोझिशनच्या घरात बसवलं.

तर्रीपोहे

मास्तर, जात बदलून काय फरक पडते? नाव काहीही द्या, वाघ तोच.

अमरावतीची_ताई

तर्रीपोहे, फरक पडतो, आणि तपासून पाहता येतो. वरचाच 'राइट' घ्या. तो प्रीपोझिशनला लागतो, "राइट बिहाइंड द डोअर". अप, डाउन, बॅक, आउट यांनाही लागतो, "राइट अप", "राइट बॅक", "राइट आउट". पण स्लोली, क्विकली, केअरफुली असल्या खऱ्या अ‍ॅडव्हर्बला लावून पाहा. "राइट स्लोली" आजच्या प्रमाण इंग्रजीत कोणी म्हणत नाही. म्हणजे 'अप' आणि 'स्लोली' यांना एका टोपलीत टाकणं शब्दांनाच मान्य नाही. जुन्या काळी 'राइट' हा 'फार' या अर्थानं विशेषणालाही लागायचा. "राइट ऑनरेबल" या पदवीत तो अजून अडकून बसला आहे, काही बोलींतही आहे. पण ते सोडा.

यातून गाईडला कामाची एक गोष्ट निघते. कधी कधी अ‍ॅडव्हर्ब आणि प्रीपोझिशन शेजारी बसतात, पण एकमेकांचे नसतात. "शी वॉक्ड स्लोली पास्ट द जिप्सी." स्लोली हा चालण्याचा, 'पास्ट द जिप्सी'चा नाही. ओळखायचं कसं? 'कुठं?' असं विचारा. "व्हेअर?" "राइट बिहाइंड द बांबू." उत्तर पुरं झालं. "व्हेअर?" "स्लोली पास्ट द जिप्सी." हे उत्तर होत नाही. जे एकत्र उत्तर देतात ते एका घरचे.

भरतीवाला

आणि "मोस्टली अ‍ॅट नाइट"? 'केव्हा शिकार करतो' याचं ते उत्तर होतं की.

अमरावतीची_ताई

होतं, कारण मोस्टली, ओन्ली, पार्टली हे 'ली' असूनही पुढच्या भागाला धरून बसतात, इव्हनही तसाच. "ओन्ली इन द बफर", फक्त बफरमध्ये, म्हणजे कोअरच्या भोवतालच्या पट्ट्यात. "इव्हन इन द रेन", पावसातही. चांगला आडवा प्रश्न टाकलात. 'ली' पाहून जात ठरवू नका, 'कुठं' आणि 'केव्हा' विचारून ठरवा.

आणि 'जस्ट'वर लक्ष ठेवा, तो दोन्ही घरी जेवतो. "जस्ट इनसाइड द गेट" म्हणजे गेटच्या जरासं आत. "जस्ट इन द बफर" म्हणजे फक्त बफरमध्ये. पुढं मोजता येणारी प्रीपोझिशन आहे की नाही ते पाहा.

तर्रीपोहे

मले अजूनही वाटते, समोर वाघ उभा असताना हे सगळं कोणाले सुचते? बोट दाखवा ना.

जंगलवाट

तर्रीपोहे भाऊ, बोट दाखवलं की सहा जन सहा ठिकाणी पाहतात. बोटाच्या रेषेत सागाची पंचवीस झाडं राहतात. अन जोरानं बोलता येत नाही, हळू आवाजात दोन-तीन शब्द मिळतात फक्त. त्यात पहिला शब्द 'अप' म्हनला की सगळ्यायची मान वर जाते, 'ट्री' म्हनाच्या आधीच. 'डाउन' म्हनलं की नाल्यात. मास्तर म्हनले तसं पहिला शब्द मान वळवते, ते मी खरंच डोळ्यानं पाहिलं आहे, आता त्याचं कारन समजलं. 'इन द ट्री' म्हनलं तं पहिला एक सेकंद ते झाडाच्या बुडाशीच पाहत राहतात.

आता मोठी जोडी विचारतो. मागं एक नर रस्त्यावर आला, आमाले पाहिलं, अन जिथून आला तिथंच परत खाली नाल्यात उतरला. तवा मागच्या जिप्सीतला माणूस म्हनला, "ही वेंट राइट बॅक डाउन इंटू द नाला." एका दमात चार. यायचा क्रम कसा पकडाचा?

मास्तर_झेडपीचे

तुम्ही तर उत्तर प्रश्नातच देऊन बसलात! "परत खाली नाल्यात उतरला" असं लिहिलंत ना? 'खाली परत नाल्यात' असं तुमच्या हातून गेलं नाही. परत म्हणजे बॅक, खाली म्हणजे डाउन, नाल्यात म्हणजे इंटू द नाला. पुढं 'थेट' लावा, "थेट परत खाली नाल्यात", की 'राइट' पहिल्या जागी आपोआप आला. मोजणारा सर्वांत आधी, मग परत, मग दिशा, मग जागा. "डाउन बॅक इंटू" म्हटलं की त्यांच्या कानाला खटकतं. "बॅक आउट ऑन द रोड", परत बाहेर रस्त्यावर. "बॅक अप इन द ट्री", परत वर झाडात.

सगळीकडं मराठी अशी साथ देणार नाही, हेही सांगून ठेवतो. "जेवणानंतर लगेच" यात आपला 'लगेच' मागं जातो, इंग्रजीचा 'राइट' पुढंच राहतो, "राइट आफ्टर लंच". "आफ्टर लंच राइट" नाही. वेळेच्या बाबतीत हात आखडून बोला, जागेच्या बाबतीत बिनधास्त आपल्या बोलीवर विसंबा.

धानबांधी

म्हणजे जागेले वऱ्हाडी, वेळेले विचार करून. चालते.

जंगलवाट

काही वाक्यं लिहून पाहिली. तपासा.

१) द टायग्रेस इज हाफवे अक्रॉस द रोड.
२) द लेक इज रोड ऑफ टू हंड्रेड मीटर्स लेफ्ट.
३) प्लीज सिट डाउन बॅक.
४) द कब्ज आर डीप इन द ग्रास, जस्ट बिलो द रॉक.
५) वी मस्ट बी बॅक अ‍ॅट द गेट वेल बिफोर क्लोजिंग टाइम.
६) द क्रोकोडाइल इज आउट ऑन द बँक.

अमरावतीची_ताई

१, ४, ५, ६ उत्तम. सहावं तर मला फार आवडलं. मगर पाण्यातून बाहेर आली हेही त्या एका 'आउट'मध्ये आलं. फक्त 'ऑन द बँक' म्हटलं असतं तर नुसती काठावर आहे एवढंच कळलं असतं.

दुसरं मास्तरांच्या चिठ्ठ्यांनी बदला. माप आणि नातं पुढं, नाम मागं. "द लेक इज टू हंड्रेड मीटर्स टू द लेफ्ट ऑफ द रोड."

तिसऱ्यात क्रम. परत खाली, "प्लीज सिट बॅक डाउन." उभ्या राहिलेल्या पाहुण्याला हे म्हणावं लागतंच. नुसतं "सिट बॅक" म्हणालात तर तो रेलून आरामात बसेल.

पऱ्हाटी

अन तो मोबाइल काढून उभाच राहते.

भरतीवाला

जाता जाता एक. 'इंटू' जोडून आणि 'इन टू' तोडून, दोन्ही पाहिलं आहे. परीक्षेत रिकाम्या जागेत येते. कोणतं बरोबर?

मास्तर_झेडपीचे

दोन्ही बरोबर, कामं वेगळी. "द टायगर केम इंटू द वॉटर", जोडून, कारण पुढं नाम आहे, वाघ पाण्यात शिरला. "द टायगर केम इन टू ड्रिंक", तोडून, कारण 'इन' इथं एकटाच आहे, आत आला, आणि 'टू' पुढच्या क्रियापदाचा, पिण्यासाठी. बोलताना कान लावा. दुसऱ्या वाक्यात 'इन'वर जोर येतो आणि मग 'टू ड्रिंक' येतं. रिकाम्या जागेच्या पुढं क्रियापद दिसलं की बहुतेक वेळा तोडायचं. 'ऑन टू' आणि 'ऑंटू'चंही तसंच.